भाच्याचे सपाट पाय

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्या-मुंबईच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. पण गोंदिया जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे छत्तीसगडात ही साधी रीत आहे. भाचा दोन वर्षांचा असो की वीस, तो घरी आला की मामानं वाकायचं. त्यामुळे माझ्या भाच्याचे पाय मी त्याच्या जन्मापासून पाहत आलोय. ते सपाट आहेत, हे मात्र मला मागच्या पावसाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.

तो दोन वर्षांपासून भरतीची तयारी करतोय. आमगाव-सालेकसा रस्त्यावर पहाटे साडेचारला गेलात तर अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. गावोगावची पोरं-पोरी धावत असतात. धानाची शेती दोन-तीन एकरांची, त्यातही पाऊस वेळेवर आला तर. म्हणून आर्मी, पोलीस, एसआरपीएफ, सीआरपीएफ ही इथली स्वप्नं. पोरांची भाषाही ठरलेली: अमक्याचं ग्राउंड निघालं, तमका मेडिकलला उडाला.

एके दिवशी त्याच्या अकादमीतल्या सरांनी सगळ्यांना पाय ओले करून सिमेंटच्या फरशीवर उभं केलं. बाकीच्यांचे ठसे मधून कोरलेले उमटले. याचा अख्खा तळवा उमटला. सर म्हणाले, "फ्लॅट फूट. मेडिकलला उडशील तू. कशाला वेळ घालवतोस?" भाच्यानं दुसऱ्या दिवसापासून धावणं सोडलं. आठ दिवसांनी आमच्या घरी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "मामा, हाडच असं असेल तर धावून काय उपयोग?"

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा माणूस आहे. त्यामुळे मला दुसराच प्रश्न पडला. सपाट पाय हा दोष आहे, असं पहिल्यांदा कुणी ठरवलं? आणि कशासाठी?

*

पहिला धक्का मला पाली ग्रंथांत बसला. दीघ निकायातल्या लक्खण सुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणं सांगितली आहेत. बुद्धाच्या अंगी असलेल्या या लक्षणांतलं पहिलंच लक्षण पायाचं आहे: सुप्पतिट्ठितपाद. म्हणजे ज्याचं पाऊल जमिनीवर पूर्ण आणि एकसारखं टेकतं असा. ज्या ठशावरून माझ्या भाच्याला घरी पाठवलं गेलं, तसाच ठसा तिथे महापुरुषाची पहिली खूण आहे.

याच्या उलट आपल्या दारातली लक्ष्मीची पावलं पाहा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ती रांगोळीनं काढतात. लहान मुलं तर मुठीची बाजू पिठात बुडवून ठसा उठवतात आणि वर पाच ठिपके देतात. मुठीचा ठसा आपोआप मधून कोरलेला येतो. म्हणजे सुंदर पाऊल कमानीचं असतं, ही कल्पनाही आपल्याकडे आहेच. पण या दोन्हींत सपाट पावलाला आजार म्हटलेलं नाही. ते काम एकोणिसाव्या शतकात झालं.

१८८८ च्या सुमारास न्यूयॉर्कचे शल्यविशारद रॉयल व्हिटमन सपाट पायावर लिहू लागले. कमानीखाली बसवायची धातूची पट्टी त्यांच्या नावानं प्रसिद्ध झाली. आज मेडिकल दुकानात मिळणाऱ्या इनसोलची ती पणजी. त्याच काळात, १८८९ मध्ये, इंग्लंडच्या ग्लॉस्टर गावातले सर्जन टी. एस. एलिस यांचं मानवी पावलावरचं पुस्तक आलं. त्यांचा भर पट्टीवर नव्हता, चवड्यांवर उभं राहण्याच्या व्यायामावर होता. कमानीला खालून टेकू द्यायचा की तिला पेलणारे स्नायू मजबूत करायचे, हा वाद तेव्हापासून आजवर चालू आहे.

*

१९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला मोठी जागतिक जत्रा भरली. अमेरिकेनं नुकतंच फिलिपिन्स ताब्यात घेतलं होतं. तिथली माणसं जत्रेत आणून, खोटी गावं उभारून, त्यांना लोकांना 'दाखवलं' गेलं. आज वाचताना लाज वाटते. त्या जत्रेत फिल हॉफमन नावाचे डॉक्टर अनवाणी माणसांची पावलं तपासत फिरले. १८६ जोड्या तपासून त्यांनी १९०५ मध्ये निष्कर्ष छापले. बुटात न कोंबलेल्या पायांची बोटं पंख्यासारखी पसरलेली होती. कमान मात्र कुणाची उंच, कुणाची बुटकी. तिच्या उंचीचा आणि पायाच्या ताकदीचा काही संबंध नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

पण लवकरच पहिलं महायुद्ध आलं. लाखो तरुणांची भरती करायची होती. प्रत्येकाला चालवून, पळवून बघायला वेळ नव्हता. डोळ्यांना एका क्षणात दिसेल अशी खूण हवी होती, आणि सपाट तळवा लगेच दिसतो. अमेरिकेच्या भरतीत सर्वाधिक नोंदल्या गेलेल्या दोषांत सपाट पाऊल होतं. अकादमीतल्या सरांची ओल्या पायाची परीक्षा याच घाईची वारसदार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी कॅनडानं मात्र थांबून मोजायचं ठरवलं. रॉबर्ट हॅरिस आणि थॉमस बीथ या दोन डॉक्टरांनी साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांची पावलं तपासली. ठसा घेण्यासाठी त्यांनी उंचसखल रेघांची रबरी चटई तयार केली. 'हॅरिस मॅट' या नावानं ती पुढे जगभर वापरली गेली. १९४७ मध्ये अहवाल आला. सगळे सपाट पाय एक नसतात, हे त्यात नीट दाखवलं होतं.

पहिला प्रकार लवचीक सपाट पायाचा. वजन पडलं की कमान बसते, चवड्यांवर उभं राहिलं की परत दिसते. अशी माणसं बहुतेक वेळा आयुष्यभर बिनतक्रार चालतात. दुसऱ्या प्रकारात पाय लवचीकच, पण टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस कंडरा, आखूड असते. ती टाच वर ओढते आणि पाऊल आत कलतं. या लोकांना त्रास होऊ शकतो. तिसरा प्रकार ताठ पायाचा. चवड्यांवर उभं राहूनही कमान दिसत नाही, कारण कित्येकदा पावलातली दोन हाडंच एकमेकांना जुळलेली असतात. हा खरा वैद्यकीय प्रश्न आहे आणि कितीही व्यायाम केला तरी जुळलेली हाडं सुटत नाहीत.

हे वाचून मी आपल्या सैन्याचे निकष काढले. भारतीय सैन्याच्या भरतीच्या वैद्यकीय निकषांत जवळपास हेच आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारू शकत असेल, धावू शकत असेल आणि पाय लवचीक नि वेदनारहित असतील, तर तो चालतो. ताठ पाय मात्र, आकार कसाही असो, नापास. उलट केंद्रीय सशस्त्र दलांच्या शिपाई भरतीच्या जाहिरातीत एकच ओळ असते: नॉक नी, फ्लॅट फूट, व्हेरिकोज व्हेन आणि तिरळेपणा नसावा. म्हणून आपण ज्या भरतीला जातोय तिची नियमावली स्वतः वाचणं भाग आहे. ठसा बघून सांगणाऱ्यावर थांबू नये.

मी भाच्याला उभं केलं. "टाचा उचल." त्यानं उचलल्या. मी मागून पाहिलं. दोन्ही टाचा आत वळल्या आणि तळव्याखाली कमान उभी राहिली. दोन वर्षांत त्याला हे एकदाही कुणी करायला लावलं नव्हतं.

*

हे सगळं आई ऐकत होती. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "माहा पाय बी असाच हाये. चाळीस वर्सं रोवणी केली, कोनं काई म्हनलं नाही."

खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात एक सोपी गोष्ट तयार झाली होती. आमची पिढी चिखलात अनवाणी वाढली म्हणून तिचे पाय दणकट. भाचा केजीपासून काळ्या बुटात वाढला म्हणून त्याचा पाय बसला. ही गोष्ट पूर्ण खोटी नाही. १९९२ मध्ये मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजचे उदय राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी दक्षिण भारतातल्या ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे ठसे घेतले. चपला-बूट वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के निघाले, अनवाणी राहणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटांत प्रमाण सर्वांत जास्त होतं. १९९५ मध्ये १,८४६ मोठ्या माणसांची पाहणी झाली. ज्यांनी वयात आल्यावर चप्पल-बूट घालायला सुरुवात केली, त्यांच्यात सपाट पाय कमी होते. आपल्या देशातला हा अभ्यास जगभर उद्धृत होतो.

पण आकडा नीट वाचा. अनवाणी मुलांतही जवळपास तीन टक्के पाय सपाट होतेच. माझी आई त्या तीन टक्क्यांतली. भाच्याला पाय बुटानं दिले की आजीनं, हे कोण ठरवणार? बहुधा दोघांनीही.

मी दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत शेतावर गेलो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात रोवणी चालते. बांधीत गुडघ्याखाली चिखल, हातात पऱ्ह्यांची पेंडी, आणि बाया ओणव्या होऊन मागं मागं सरकत जातात. पहिल्यांदाच मी हातांकडे न बघता पायांकडे बघितलं. मागं सरकताना आधी बोटं चिखलात रुततात, पसरतात, पकड घेतात, मग टाच खाली जाते. पाय उपसताना चिखल त्याला धरून ठेवतो आणि पावलाला प्रत्येक वेळी स्वतःला सोडवून घ्यावं लागतं. दिवसभरात असं किती हजार वेळा होत असेल! धुऱ्यावर आईच्या पावलाचा ठसा उमटला होता. अख्खा, सपाट, आणि बोटं पाचही वेगवेगळी. कमान नव्हती. ताकद होती.

याचा अर्थ चिखल बरा आणि बूट वाईट असा नाही. त्याच चिखलानं आईच्या बोटांच्या बेचक्यांत दर पावसाळ्यात चिखल्या होतात. अनवाणी पायातून हुकवर्म शरीरात शिरतो आणि रक्त पितो. धुऱ्यावर साप असतो. अनवाणीपणा तिनं निवडलेला नव्हता. पायाच्या आरोग्याचं कौतुक करताना हे विसरलं की आपण सेंट लुईसच्या जत्रेतले प्रेक्षक होतो.

*

मग कमान नेमकी कोण पेलतं? एका पावलात २६ हाडं. दोन्ही मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी पाव हिस्सा फक्त पायांत. १९६३ मध्ये बास्माजियन आणि स्टेको यांनी पायाच्या स्नायूंत विजेचे संकेत टिपणाऱ्या तारा घालून पाहिलं. माणूस नुसता उभा असतो तेव्हा हे स्नायू जवळपास शांत असतात. तेव्हा कमान हाडांच्या रचनेवर आणि त्यांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर उभी असते. वजन खूप वाढलं की स्नायू जागे होतात, आणि चालताना-धावताना तर लागतातच. म्हणून उभ्या पायाच्या ठशावरून धावणाऱ्या पायाबद्दल फारसं कळत नाही.

या स्नायूंचे दोन गट. एक पोटरीतून निघून घोट्याला वळसा घालून तळव्यात उतरतो. पाऊल आत कलू न देणं हे त्याचं काम. दुसरा गट तळव्यातच जन्मतो आणि तिथेच संपतो. हे छोटे स्नायू चार थरांत आहेत. अंगठ्याच्या आतल्या कडेला जो मांसल पट्टा हाताला लागतो, तो त्यांतलाच. २०१५ मध्ये पॅट्रिक मॅकीऑन आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याला पावलाचा 'कोअर' म्हटलं, पोटाच्या कोअरसारखा. २०१८ मध्ये मेक्सिकोतल्या ताराहुमारा लोकांचे पाय अल्ट्रासाउंडनं मोजले गेले. पातळ सँडलवर आयुष्य काढणाऱ्या या पुरुषांचे तळव्यातले काही स्नायू बूटवाल्यांपेक्षा जाड निघाले.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नसावी. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं. दोरीचा मल्लखांब कधी जवळून पाहिलात तर पायांकडे बघा. खेळाडू अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरतो आणि त्या पकडीच्या बळावर वर जातो. पायाच्या अंगठ्याला स्वतंत्र ताकद असते आणि ती कमावता येते, हे आखाड्यात दोनशे वर्षं माहीत आहे.

आज फिजिओथेरपिस्ट जो व्यायाम सर्वांत आधी शिकवतात तो प्रागच्या व्लादिमिर यांदा यांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यांना स्वतःला तरुणपणी पोलिओ झाला होता. व्यायामाचं नाव 'शॉर्ट फूट', म्हणजे पाऊल आखूड करणं. खुर्चीत बसायचं, तळवा जमिनीवर. बोटं न मुडपता अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा टाचेकडे ओढायचा. कमान थोडी वर येते. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा-बारा वेळा. भाचा पहिल्या दिवशी म्हणाला, "मामा, काहीच हलत नाही." खरंच काही हलत नव्हतं. मेंदूला त्या स्नायूचा पत्ताच नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवशी किंचित हललं. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर.

जोडीला टाचा उचलणं, दोन पायांवर आणि नंतर एका. बाकीची बोटं खाली ठेवून फक्त अंगठा उचलणं, मग उलट. आईनं तिच्या परीनं भर घातली: ओसरीवर चिंचोके पसरले आणि ते बोटांनी उचलून वाटीत टाकायला लावले. भिंतीला हात टेकून पोटरी ताणणं रोज, कारण हॅरिस आणि बीथ यांनी आखूड शिरेचा दिलेला इशारा. टाचा टेकून उकिडवं बसता येतं का, हेही पाहायचं. भाच्याला येत नव्हतं. मागे कलंडत होता.

हे सुरू करण्याआधी आम्ही गोंदियाला हाडांच्या डॉक्टरांना पाय दाखवले. तुम्हीही दाखवा, विशेषतः पाय दुखत असेल, एकच पाय सपाट असेल, अलीकडेच सपाट झाला असेल किंवा चवड्यांवरही कमान दिसत नसेल तर. लहान मुलांच्या बाबतीत मात्र घाबरू नका. बाळाचा पाय चरबीमुळे सपाटच दिसतो आणि कमान पुढे काही वर्षांत घडते. १९८९ मध्ये डेनिस वेंगर आणि सहकाऱ्यांनी लवचीक सपाट पायाच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल देऊन पाहिलं. काहीच न दिलेल्या मुलांत आणि त्यांच्यात फरक निघाला नाही.

व्यायामानं कमान तयार होते का? या प्रश्नाला मी भाच्याला खोटं उत्तर दिलं नाही. चार ते आठ आठवड्यांच्या अभ्यासांत ताकद आणि तोल सुधारलेला दिसतो. कमानीची उंची कुठे थोडी वाढते, कुठे वाढत नाही. जुन्या ठशाच्या जागी नवा ठसा येईल असं कुणी विकत असेल, तर त्याच्याकडून काही घेऊ नये. आणि एक गोष्ट मी त्याला दोनदा वाचून दाखवली. १९९३ मध्ये डेव्हिड कोवन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन सैन्याच्या २४६ रिक्रूटांचे पाय मोजले आणि बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणात कुणाला इजा होते ते पाहिलं. सर्वांत सपाट पायाच्या गटाला सर्वांत कमी इजा झाल्या. उंच कमानीच्या गटाला जास्त.

*

धान कापणीला आलं तोवर त्याचे चार महिने पूर्ण झाले. एका पायावर टाच उचलणं सातवरून पंचविसावर गेलं. तिसऱ्या राउंडला नडगीच्या आतल्या बाजूनं चढणारी कळ आता पाचव्या राउंडला येते, कधी येत नाही. उकिडवं बसून तो आता आजीसोबत भाजी निवडतो. अकादमी बदलली. रॅली अजून व्हायची आहे. तिथे काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्यालाही. पण नापास झालाच तर तो धावून, उड्या मारून, टाचा उचलून होईल. फरशीवरच्या पाण्यानं आता होणार नाही.

दिवाळीला तो आला. पाय धुऊन ओसरीवर चढला आणि सारवलेल्या जमिनीवर त्याचे ओले ठसे उमटले. अख्खेच्या अख्खे, पूर्वीसारखेच सपाट. फक्त बोटं पसरलेली होती, पाचही वेगवेगळी. आईनं बघितलं, काही बोलली नाही. मी वाकलो.